राहिलेलं चाक

आप्पांचं तेरावं उरकलं आणि इंद्रजीतने त्यांचं काचेचं कपाट आवरायला घेतलं. दौंडच्या रेल्वेतली नोकरी सोडली तर आप्पांचा सगळा जन्म महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांची प्लास्टिकची मॉडेलं जोडण्यात गेला होता. घरात बोलायला तेवढी त्यांना सवड मिळाली नाही.

"ताई, ह्यो बघ. असले खरे रणगाडे दोनच बनले होते म्हणं, लढाई संपता संपता. आन् नेमकं ह्यालाच एक चाक न्हाई."

अनुपमाने पर्समधून ते चाक काढलं. बारा वर्षांची असताना तिनेच ते खोक्यातून उचललं होतं. चाक सापडलं नाही की आप्पा विचारतील, ओरडतील, निदान तिच्याशी बोलतील, एवढंच तिला हवं होतं. आप्पांनी विचारलंच नाही. त्यांना काही कळलंसुद्धा नाही, हे मनात धरून ती लग्न होऊन शिरूरला गेली आणि पुढे तिनेही बोलणं कामापुरतंच ठेवलं.

"तुझ्याकडं कसं काय गं हे?"

"कुठं बसतं ते बघू दे आधी," म्हणत तिने खोक्यातला जोडणीचा कागद उलगडला. प्रत्येक भागाच्या नंबरावर बरोबरची खूण होती. फक्त एका चाकापाशी खूण नव्हती. तिथे आप्पांच्या बारीक अक्षरात, पुसट झालेल्या पेन्सिलीने लिहिलं होतं: "अनूकडे आहे. मागायचं नाही."