कागदावरचा थर्मामीटर

शीतखोलीत चार अंश. अहवालात निळ्या शाईने, खाली सही.

वसतिगृहातल्या एकेचाळीस मुली एका सकाळी आजारी पडल्या. सगळ्या बऱ्या झाल्या.

खोक्यातल्या थर्मामीटरला नऊ वर्षांत दूध, मांस, मासळी, काहीही शिवलेलं नाही.

त्या वसतिगृहाची स्वयंपाकीण दोन वर्षं घरी बसून आहे.

प्रमाणपत्र क्रमांक सात-सात-तीन-एक.

"हा क्रमांक असलेला थर्मामीटर दाखवता का?" बाहेरच्या संस्थेकडून आलेल्या तपासनीस बाई म्हणाल्या, आणि निरीक्षकाचा हात खणाच्या मुठीवरच थांबला.

अन्नसुरक्षा खात्यात सकाळपासून थट्टा चालली होती. आपण हॉटेलं तपासायची, आपल्याला तपासायला ही बाई, मग हिला तपासायला कोण येणार? बाईही त्यात हसल्या होत्या. निरीक्षकाला तर कसलीच धास्ती नव्हती. कचेरीत त्याला 'काटा' म्हणत. तराजूचा काटा कसा, मालकाकडे बघून हलत नाही, तसा हा. चहासुद्धा स्वतःचा स्वतः घ्यायचा.

पण नियम असा होता की थर्मामीटर दरवर्षी प्रयोगशाळेत पाठवून पडताळून घ्यायचा. तो एकदा गेला की तीन आठवडे परत येत नसे. काट्यासारख्या माणसाने तीन आठवडे हातावर हात धरून बसायचं? नऊ वर्षांपूर्वी खात्याने त्याला दोन थर्मामीटर दिले होते, एकाच घडणीचे, एकाच रंगाचे. त्याने पहिल्याच वर्षी मार्ग काढला. कोरा, खोक्यातला प्रयोगशाळेत जायचा. रोजचा पिशवीत राहायचा. प्रमाणपत्र दरवर्षी चोख यायचं. न यायला काय झालं? त्या थर्मामीटरने कधी काम केलंच नव्हतं.

यात काही वावगं आहे असं नऊ वर्षांत त्याच्या मनाला शिवलं नाही. कामाचा एक दिवस खाडा होऊ नये म्हणूनच तर सगळं. ते वावगं होतं हे त्याला आत्ता कळलं, खणाच्या मुठीवर हात असताना.

बाई मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या. नुसतं खोकं पुढे केलं असतं की विषय मिटला असता. एकोणतीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

त्याने दोन्ही टेबलावर ठेवले.

"मॅडम, हा कागदावरचा," तो म्हणाला. "आणि हा हातातला."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कँटीनमधून बर्फ मागवला, फोडून पेल्यात भरला, वर थोडं पाणी घातलं. वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. खोक्यातल्याने शून्य दाखवलं. रोजच्याने उणे पाच. निरीक्षकाने तो झटकला, झोपलेल्याला हलवावं तसा, आणि पुन्हा बुडवला. उणे पाच.

चारात पाच मिळवायला त्याला कागद लागला नाही. वसतिगृहाची शीतखोली त्या दिवशी नऊ अंशांवर होती.

चौकशीत सगळ्यांनी त्याच्याच आकड्यावर मान डोलावली होती. खोली थंड आहे असं काटा सांगतोय म्हटल्यावर दोष दुसरीकडे जाणार कुठे? तो स्वयंपाकिणीच्या हातांवर आला. "दूध खोलीतच बिघडतंय, साहेब," ती म्हणाली होती. तिच्या तोंडून 'साहेब' त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याने वर न बघता आकडा पुन्हा वाचून दाखवला होता. तिची नोकरी गेली. पुढे शेजारीपाजारीही तिच्या हातचं खायला कचरू लागले.

तेव्हा जरासुद्धा शंका आली नाही का, असं बाईंनी विचारलं. आकड्याबद्दल नाही, तो म्हणाला. फक्त वसतिगृहाची तपासणी दुसऱ्या कुणाला द्या, असा त्याने आधी लेखी अर्ज केला होता. वरिष्ठांनी तो हसण्यावारी नेला. दुसरा माणूस आहे कुठे, आणि तुझा काटा कधी कुणासाठी हलतो का, म्हणाले.

बाईंनी अर्ज मागवला. वाचला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग पेन मिटून बाजूला ठेवलं.

"त्या स्वयंपाकीणबाईंना आमची संस्था पत्र पाठवेल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्हीच सांगायला हवं असं नाही."

"पत्र पोचायला आठवडा जाईल," तो म्हणाला. "मी आज जातो."

आधी बाईंच्या अहवालावर सही कुठे करायची ते त्याने विचारलं. बाईंनी जागा दाखवली. त्याने सही केली, तारीख घातली, आणि रोजचा थर्मामीटर त्यांच्याकडेच ठेवून उठला.

चौकशीच्या दिवशी तो आणि स्वयंपाकीण, दोघं सख्खी भावंडं, एकाच स्कूटरवरून आली होती.