चंद्राचा खिळा

धाकटा जावई पाण्याच्या टाकीमागे उकिडवा बसला होता. हातात उसना आणलेला कॅमेरा, त्याला हातभर लांब लेन्स. समोर गच्चीच्या कठड्याशी थोरला जावई पाठमोरा उभा. दोघांनाही हवी होती अमावास्येनंतरची पहिली कोर. सूर्य बुडाल्यावर जेमतेम दिसते आणि लगेच मावळते.

थोरल्याने ती एकदा टिपली होती. सासऱ्यांनी तो फोटो कौतुकाने दिवाणखान्यात लावला. त्या खिळ्यावर आधी धाकट्याच्या लग्नाचा फोटो होता. तो गेला चपलांच्या कपाटावर. तेव्हापासून धाकट्याला सासरी पाणीसुद्धा गोड लागत नव्हतं. तो दातांचा डॉक्टर. लोकांच्या दाढा उपटताना त्याला तो खिळाच दिसायचा.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान, स्वभाव गरीब. त्याने आपणहून सांगितलं होतं, उजेड असतानाच लांबच्या टॉवरवर फोकस लावून ठेव, मग हात लावू नकोस. हा आपल्याला गंडवतोय, असं धाकट्याने ताडलं. त्याने मुद्दाम फोकस जवळचा लावला.

मावळतीचा उजेड विझत आला. थोरल्याची टोपी त्याच्याच कॅमेऱ्याला अडायला लागली. ती काढून तो वाकला. तेवढ्यात धाकट्याला कोर दिसली. बारीक, तांबूस, लखलखीत. त्याने धडाधड फोटो काढले.

खाली आल्यावर थोरला हळहळत होता. क्षितिजावर ढग आडवा आला, कोर काही दिसलीच नाही.

"तुम्हाला नसेल दिसली, दादा. मला दिसली," म्हणत धाकट्याने सगळ्यांदेखत कॅमेरा सासऱ्यांच्या हातात दिला.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. फोटो मोठा केला. अजून मोठा केला.

"जावईबापू, चंद्राला कान कधी फुटले?"

थोरला टकलावरून हात फिरवत हसून हसून खुर्चीतून घसरला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. टोपीशिवाय थोरले किती भारदस्त दिसतात, असं त्या दोनदा म्हणाल्या.

पुढच्या रविवारी धाकटा सासरी गेला. दारात चपला काढताना त्याने वर पाहिलं आणि त्याला धन्य वाटलं. चपलांच्या कपाटावर, त्याच्या लग्नाच्या फोटोशेजारी, थोरल्याचा चंद्र येऊन बसला होता. दिवाणखान्यातल्या खिळ्यावर आता धाकट्याने काढलेला फोटो होता.

त्या खिळ्यावर थोरले होते.