फलाटाच्या कडेची बाई

बहात्तरच्या उन्हाळ्यात कोपरगावच्या राधाकृष्णाने हौसेने लाकडी फळीवर आपलं स्टेशन हुबेहूब उभं केलं. रुळांखाली काडेपेटीच्या काड्या, पत्र्याची आगगाडी, मातीचे प्रवासी.

एका दुपारी फलाटाच्या अगदी कडेला त्याला हिरव्या लुगड्यातली मातीची बाई दिसली. ती त्याने घडवलीच नव्हती.

त्याने तिला मागे सरकवलं. पाणी पिऊन आला, तर बाई पुन्हा कडेला.

“मनकर्णा, तू हात लावला व्हय?”

“मी कशाला लावू?” बायको बाहेर आली. ती माहेरी निघाली होती. अंगावर नवं हिरवं लुगडं. “चला, मला गाडीत बसवून द्या.”

“आज जाऊ नको!” त्याने घाबरून तिचं मनगट धरलं.

मनगट गार, ओलसर होतं. त्याची बोटं आत रुतली. दचकून त्याने हात सोडला, पण बोटांचे खळगे तसेच राहिले.