पुरावा नसलेली पोस्ट

निवडणुकीच्या धामधुमीतही गावाच्या राजकीय ग्रुपवर अफवा टिकत नसे, ती ॲडमिन गुरवसरांमुळे. खोटी पोस्ट दिसली की हे निवृत्त शिक्षक ती काढून टाकत, मग ती कुठल्याही पक्षाची असो. गाव त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं.

एका दुपारी अनसूयाने ग्रुपवर लिहिलं, "आपल्या टाकीचं पाणी पिऊ नका. माझी पोर आजारी पडलीय."

"हा विरोधकांचा डाव आहे!" सत्ताधाऱ्यांनी एकच गिल्ला केला.

"पुरावा आहे का?" सरांनी विचारलं.

"पोरीला जुलाब होतायत, सर. आणखी काय दाखवू?"

सरांनी पोस्ट काढली आणि अनसूयालाही ग्रुपबाहेर केलं.

महिनाभराने उघड झालं, की टाकीत खरोखरच गटाराचं पाणी मिसळत होतं. सर शरमेने माफी मागायला अनसूयाच्या घरी गेले. पोर अंगणात खेळताना दिसली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

"माझा राग नाही, सर," अनसूया म्हणाली. "पण मी शेजारच्या सुमनकाकींना पाणी उकळायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, 'गुरवसरांनी पोस्ट काढलीय ना, मग पाणी चांगलंच असणार.' काल त्यांचा दहावा झाला."