मॅनियनांची आग

"आग आहे ना रे?" डेलियाने फोन उचलताच विचारलं. तिचा पहिला प्रश्न नेहमी हाच असायचा.

"आहे गं बाई. विझू देईन का?" मर्टी म्हणाला.

महिन्यातून एका रविवारी धाकट्या भावाचा फोन बॉस्टनला यायचा. कॉनेमाऱ्यातल्या गावाकडच्या घरात फोन नव्हता, तो म्हणे बाहेर जाऊन करायचा, त्यामुळे तिला आपणहून करता येत नसे. मग ती अधाशासारखी एकेक विचारत जायची. शेजारच्या सीली फहर्टीची गाय खड्ड्यात पडली होती, ती निघाली का? निघाली, पण लंगडते. पाऊस? थांबायचं नाव नाही. नवा पाद्री? प्रवचन लांबवतो, म्हातारे घोरतात. डेलिया हसत हसत डोळे पुसायची.

"मर्टी, मी येऊ का रे परत? कायमची?"

फोनमध्ये मागून बस गेल्याचा आवाज आला.

"बस कसली रे ती?"

"मॅच आहे आज. गाव लोटलंय नुसतं." मग घाईघाईने, "आत्ता नको येऊस. छपराचं काम निघालंय. पुढच्या वर्षी बघू."

गेल्या वर्षी धुराडं ढासळलं होतं. त्याआधी विहिरीचं काहीतरी होतं.

"छप्पर कसलं डोंबलाचं!" वरच्या मजल्यावरची फिलोमिना म्हणाली. ती त्यांच्याच भागातली, गॉलवेची होती, त्यामुळे तिला सगळ्यांच्या जमिनींची खबर. "जमीन गिळायचीय त्याला. तू गेलीस तर वाटा मागशील ना!"

डेलियाला ते पटायचं, आणि पटलं की स्वतःचीच लाज वाटायची. येऊ नको म्हणणाऱ्याचा गळा फोन ठेवताना दाटून का येतो? काही केल्या उलगडा होईना. घरच्या ओढीने तिचा जीव कासावीस व्हायचा, पण भावालाच नकोशी असलेली बहीण त्या घरात जाणार कशी?

तिला चूल आठवायची. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या ढेपांवर ती कधीही न विझता जळायची, आजीच्याही आधीपासून. रात्री आई निखारे राखेखाली झाकायची, सकाळी फुंकून जागे करायची. एकदा पलीकडचे जॉइस घर बंद करून अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांनी आपले निखारे आणून आईच्या चुलीत ठेवले. परतलो की नेऊ, म्हणाले. ते आले नाहीत. आई मात्र मरेपर्यंत त्यांच्या नावाने एक ढेप जास्त घालायची.

वसंत लागला तसं डेलियाने कुणाला न सांगता तिकीट काढलं. भांडण तर भांडण, एकदाचं तोंडावर होऊन जाऊ दे.

वळणावरून तिने घराकडे पाहिलं. सीलीच्या धुराड्यातून धूर निघत होता, त्यांच्या, मॅनियनांच्या, नाही. दार नुसतं लोटलेलं. आत जमीन झाडलेली, बश्या जागच्या जागी, छप्पर शाबूत. चूल मात्र गार, राखेचा कणही नाही.

गेल्याच रविवारी तर बोलला होता! गेला की काय माझा भाऊ?

ती धावतच सीलीकडे गेली. म्हातारी चुलीपाशी बसली होती. तिने डेलियाला निरखून पाहिलं, उठून लोखंडी फावडी घेतली आणि डाव्या बाजूचे निखारे वेगळे ओढले.

"हे तुमचे. ने पोरी. माझे हात थकले आता."

"सीलीमावशी, मर्टी कुठंय?"

"कुठं म्हणजे? इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला. रस्ते खोदतो. तू गेलीस त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात गेला की तो." सीलीने भरलेली फावडी तिच्या हातात दिली. "महिन्यातून एका शनिवारी पोस्टात फोन करतो मला. रडतो बापडा. म्हणतो, 'सीली, घरी काय चाललंय ते सगळं सांग, उद्या डेलिया विचारेल.'"