चांगुणाचा कावळा

"चांगुणा मेली की अख्खा महाराष्ट्र ढसाढसा रडणार!" गेम लिहिणारी ऋजुता छाती ठोकून म्हणाली. गेममधली माणसं आता स्वतःच्या डोक्याने वागायची, तरी कोळीण चांगुणा ठरल्याप्रमाणे मेली. पण दहाव्याला पिंडाला कावळाच शिवेना! गेम पुढे सरकेना, आणि घाटावर अडकलेले लाखो खेळाडू ऋजुताला शिव्या घालू लागले.

"चांगुणाताई, तुझ्या पोरांना सांभाळू गं!" ऋजुताने स्क्रीनपुढे हात जोडले. कावळा ढिम्म.

"दर गेममध्ये कोळणीला मारतेस, का तर हिरोला राग यावा!" प्रोग्रामर मकरंद खिदळला. "तिचं स्वतःचं काय?"

"बरं बाई चांगुणे, पुढच्या भागात हिरो तूच!" ऋजुता स्क्रीनला म्हणाली.

कावळ्याने झडपच घातली. ऑफिसात एकच जल्लोष!

ते ऐकून जुना हिरो रुसून मेला. त्याच्या पिंडाला कावळा अजून शिवलेला नाही.