दाढ काढण्याआधी
दाढ काढायला मी पक्कड उचलली, तेवढ्यात अवजारं उकळणाऱ्या मावशींनी माझं कोपर धरलं. “आधी ही लाकडी पट्टी चावायला द्या, डॉक्टर.” “मावशी, दाढ हलतेय, बाहेर अकरा जण बसलेत.” “बसू देत. हे गृहस्थ बोलताना हनुवटी हातावर का पेलतात?” खुर्चीतला सुतार ओशाळला, परवा शिडीवरून पडलो, विशेष काही नाही, म्हणाला. त्याने लाकडी पट्टी दातांत धरली आणि मी पिरगाळली. धड जबड्याने ती मोडेपर्यंत सोडली नसती. त्याने कळवळून तोंड उघडलं. एक्स-रेत दाढेखालीच जबडा तडकलेला दिसला. दाढ ओढली असती तर हाड दुभंगलं असतं. “असे किती येतात?” मी विचारलं. “बावीस वर्षांत हा दुसरा.” म्हणजे या एकासाठी त्यांनी रोज पंचवीस चेहरे न्याहाळले होते. “आणि पहिला?” मावशींनी पट्टी टाकली. “त्याची दाढ आम्ही काढली.”